ईसीएचएलचा एक सीझन आतून कसा असतो? (टीमच्या ॲथलेटिक ट्रेनरचं सविस्तर उत्तर)

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नाशिकला बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालीय, आता अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स संपलंय, बोर्डाची परीक्षाही पास आहे आणि ईसीएचएल नावाच्या आइस हॉकी लीगमधल्या एका टीमनं तिला एका सीझनसाठी एटी, म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारी) म्हणून बोलावलंय. तिला जाणून घ्यायचंय की हा सीझन आतून असतो कसा, एकटीला झेपेल का, पुरुषांच्या लॉकर रूममध्ये बाईमाणसानं कसं निभवायचं, आणि घरचे म्हणतात "तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये वर्ष कशाला घालवतेस" त्यात तथ्य किती.

मी याच लीगमध्ये मिडवेस्टमधल्या एका टीमबरोबर बरेच सीझन हेच काम केलंय, त्यामुळे जे माहितीय ते सगळं लिहितेय, लांबलं तर लांबलं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. वेळापत्रकात ७२ मॅच दिसतील, ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पण तुझ्यासाठी सीझन म्हणजे माणसांची ये-जा. ऑक्टोबरच्या टीम फोटोत जे चेहरे असतात त्यातले कितीतरी मार्चमध्ये नसतात, आणि मार्चमध्ये जे असतात त्यातल्या काहींचं नावसुद्धा ऑक्टोबरमध्ये कुणी ऐकलेलं नसतं. अशा टीममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर राहणारी माणसं मोजकीच, त्यात एक इक्विपमेंट मॅनेजर आणि एक तू. आज दुपारी आलेला आणि कदाचित परवा जाणारा पोरगासुद्धा पहिल्या मिनिटापासून आपला पेशंट आहे असं धरून त्याला पूर्ण बघायचं, हे तुझं मुख्य काम. टेपिंग, आइसिंग, रिहॅब तुला येतंच, त्याची चिंता नको करूस.

ही ये-जा का होते ते नीट समजून घे कारण तुझा अख्खा आठवडा त्यावर फिरतो. वर एनएचएलच्या, म्हणजे आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, ३२ टीम, त्यांच्या खाली एएचएलच्या ३२, आणि त्याखाली आपण, २०२५-२६ ला ३० टीम होत्या. आपल्या बहुतेक टीम वरच्या कुठल्यातरी एनएचएल टीमशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आपल्याकडची काही पोरं आपल्या टीमच्या करारावर असतात आणि काही वरून पाठवलेली, ती वरचे म्हणतील तेव्हा परत जातात. आता समज, मंगळवारी रात्री एनएचएलमध्ये एका विंगरनं (कडेनं खेळणाऱ्या आक्रमकानं) शॉट अडवला आणि पायाचं हाड मोडलं. बुधवारी सकाळी त्याच्या जागी एएचएलमधला एक वर जातो, एएचएलमध्ये जागा पडली म्हणून दुपारपर्यंत आपला सगळ्यात चांगला विंगर बॅग भरून निघालेला असतो, आणि संध्याकाळी आपला कोच आपल्याही खालच्या एसपीएचएलमध्ये फोन लावत बसलेला असतो की शुक्रवारी खेळायला कोण येतंय. एका माणसाच्या पायामुळे चार गावांतली टीम बदलते आणि त्या साखळीत शेवटी जो पोरगा नवीन येतो तो तुझ्या टेबलावर येऊन बसतो.

त्यात एक व्हेटरन नियम आहे जो तुझ्या शिक्षणात कुणी शिकवलेला नसेल. २६० प्रो मॅच झालेला खेळाडू व्हेटरन धरतात आणि एका टीमला असे चारच ठेवता येतात, गोली (गोलकीपर) सोडून. म्हणजे २९ वर्षांचा, एकदम उत्तम खेळणारा डिफेन्समन, घरी लहान बाळ, आणि त्याला लीगमध्ये जागाच नाही कारण चारही जागा भरल्यात. लीग तरुण पोरांना वर पाठवण्यासाठी आहे हे मान्य, तरी मला हा नियम कायम कठोर वाटलाय. तुझ्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की ते चार व्हेटरन आपलं दुखणं सगळ्यात जास्त लपवतात. गेलेली जागा परत मिळत नाही हे त्यांना माहितीय.

आता नवीन पोरगा येतो तेव्हा काय होतं ते जवळून सांगते. शुक्रवार, मॅच सातची, तो चार वाजता येतो, रात्रभर स्वतःची गाडी चालवत, डोळे लाल, मागच्या सीटवर हॉकीची भली मोठी बॅग आणि काठ्या. इक्विपमेंट मॅनेजरला त्याचं हेल्मेट-ग्लोव्हज टीमच्या रंगाचे द्यायचेत, जर्सीवर नाव शिवायचंय, स्केटला धार लावायचीय, कोचला त्याला पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) समजावायचाय, आणि या सगळ्यांच्या आधी तो तुला अर्धा तास हवा. ॲलर्जी, औषधं, आधीची ऑपरेशनं, घरचा फोन नंबर, मग कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेची, बेसलाइन टेस्ट (मार बसायच्या आधीची नोंद) शांत खोलीत. ही बेसलाइन "उद्या करू" म्हणून टाळायची नाही, काहीही झालं तरी. त्याला पहिल्याच शिफ्टमध्ये (बर्फावरच्या पाळीत) डोक्याला मार बसला तर तुझ्याकडे तुलनेला काहीच नसेल.

मग खांदे. "खांदा कसा आहे" असं विचारलंस तर उत्तर ठरलेलं आहे, "एकदम छान". विचारू नकोस, शर्ट काढायला सांग आणि बघ तो कसा काढतो. ज्याचा एसी जॉइंट (खांद्याच्या वरचा सांधा) दुखतोय तो एक हात आधी सोडवतो आणि मग शर्ट डोक्यावरून ओढून दुसऱ्या हातावरून खाली सरकवतो. मी असे कितीतरी खांदे शर्टवरूनच ओळखलेत. ओळखल्यावर आरडाओरडा करायचा नाही, कोचकडे पळायचं नाही, त्याला म्हणायचं, बाबा रे, मला दिसलंय, आपण याला पॅड लावू, टेप करू, रविवारी रात्री परत बघू आणि ताकद कमी वाटली तर मी तुला थांबवणार. पहिल्या दिवशी असं बोलणं झालं की पुढे तो स्वतःहून येतो, आणि खेळाडू स्वतःहून येणं हे या कामातलं अर्धं यश आहे.

आठवडा साधारण असा असतो. सोमवार खेळाडूंना सुट्टी, तुला नाही, कारण एक्स-रे, एमआरआय, डॉक्टरची अपॉइंटमेंट, इन्शुरन्सचे कागद सगळं सोमवारीच. मंगळ ते गुरुवार प्रॅक्टिस. मॅच बहुतेक शुक्र-शनि-रवि, कारण या लीगचं पोट तिकिटांवर, जाहिरातदारांवर आणि लोकल लोकांवर चालतं, टीव्हीचा मोठा पैसा इथे नाही, आणि लोक येतात ते वीकेंडला. तीन रात्रीत तीन मॅच, त्यातही शुक्रवारी घरी, शनिवारी दुसऱ्या गावात, रविवारी दुपारी परत घरी असं असलं की रविवारच्या तिसऱ्या पिरियडला जे दिसतं ते बघवत नाही, पाय उचलत नाहीत, काठीचा तोल जातो, आणि ग्रॉइनचे (जांघेचे) स्नायू ताणले जाण्याचे प्रकार मी सगळ्यात जास्त तिथेच पाहिलेत. मधूनच एखादी मॅच शाळेच्या मुलांसाठी सकाळी साडेदहाला ठेवतात, हजारो पोरं एकत्र ओरडतात, खेळाडूंना आवडतं पण आदल्या रात्री बसमधून उतरलेल्या शरीराला सकाळी साडेदहा म्हणजे मध्यरात्रच, वॉर्म-अप दुप्पट घे.

बसबद्दल लोक फार रोमँटिक बोलतात. टोलेडो ते फोर्ट वेन असेल तर दोन तासात विषय संपतो. पण माउंटन डिव्हिजनमध्ये, रॅपिड सिटी, बॉइसी, टल्सा असल्या टीममध्ये गेलीस तर एकेक प्रवास दहा-बारा तासांच्या वर जातो. तुला कुठल्या डिव्हिजनमधून ऑफर आहे ते लिहिलेलं नाहीस, आधी नकाशा उघडून बघ, यानं तुझं आयुष्य सगळ्यात जास्त बदलणार आहे. बसमध्ये बंक (झोपायचे कप्पे) असतात, चांगले बंक व्हेटरनचे, रूकी (पहिल्या वर्षाचे खेळाडू) उरलेल्या जागी, स्टाफ पुढे. मॅच संपल्यावर दीड तासात तुला काय काय करायचंय बघ: दोघांना डॉक्टरकडून टाके, एकाची जखम धुवून ड्रेसिंग, सहा-सात बर्फाच्या पिशव्या गुडघ्या-खांद्यांना प्लॅस्टिक रॅपनं बांधून, रिपोर्ट लिहून, आपलं टेबल-ट्रंक भरून बसमध्ये. बस सुटली की बर्फ काढायची वेळ लक्षात ठेवायची, पोरं तशीच झोपतात आणि थंडीनं त्वचा भाजते. मी फोनवर वीस मिनिटांचा अलार्म लावून टॉर्च घेऊन बंकाबंकातून फिरायचे.

एक छोटी गोष्ट पण फार महत्त्वाची: मारामारी झालेल्या प्रत्येकाच्या मुठी उजेडात बघ. बोटाच्या सांध्यावर एवढीशी चीर असते, तो म्हणतो काही नाही, बर्फावर खरचटलं. ती समोरच्याच्या दाताची जखम असेल तर तोंडातले जंतू सांध्यात गेलेले असतात आणि दोन दिवसात बोट सुजून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. त्याच रात्री डॉक्टरला दाखवून अँटिबायोटिक सुरू करायला लाव, "सकाळी बघू" नाही. रोड मॅच असेल तर समोरच्या टीमचे डॉक्टर बघतात, त्यामुळे गावात पोचल्यावर आधी त्यांच्या एटीला जाऊन भेट, डॉक्टर कोण, ॲम्ब्युलन्स कुठल्या दारात, जवळचं ट्रॉमा सेंटर कुठलं, हे मॅचच्या आधी समोरासमोर बोलून घे.

आणि रक्तस्राव. हा भाग मी मुद्दाम सावकाश लिहितेय. २२ मार्च १९८९ ला एनएचएलमधल्या बफेलो सेबर्सचा गोली क्लिंट मलारचुक याच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं, गळ्यातली मोठी शीर कापली गेली, आणि तो वाचला कारण टीमचा ट्रेनर जिम पिझुटेली धावत गेला आणि त्यानं हातानं ती जागा दाबून धरली, डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत. पिझुटेली व्हिएतनाममध्ये आर्मी मेडिक होता. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डला नॉटिंगहॅम पँथर्सचा ॲडम जॉन्सन तशाच प्रकारच्या जखमेनं गेला, २९ वर्षांचा, आधी पिट्सबर्गकडून एनएचएल खेळलेला. त्यानंतर एएचएलनं २०२४-२५ पासून गळ्याचं कट-प्रतिरोधक संरक्षण सक्तीचं केलं. जॉन्सन गेला त्या आठवड्यात आमच्या लॉकर रूममध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, बऱ्याच जणांनी स्वतःहून गळपट्टे मागितले. तू टीममध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम कर, बेंचपासून बर्फाच्या मध्यापर्यंत बूट घालून जाण्याचा सराव, हातात ग्लोव्हज आणि गॉझचं पाकीट घेऊन. कुठे घसरतेस, कुठल्या दारातून लवकर पोचतेस, बेंचवर गॉझ नेमकं कुठे ठेवायचं, हे सगळं त्या सरावात कळतं. समोर कोण दाब देणार, कोण हाक मारून ॲम्ब्युलन्सवाल्यांना आत घेणार, हेही इक्विपमेंट मॅनेजरशी ठरवून ठेव. वर्षानुवर्षं गरज पडणार नाही. पडली तर सेकंदांचा खेळ असतो.

महिन्यांचं सांगायचं तर ऑक्टोबरचा कॅम्प ग्रॉइनचा. उन्हाळाभर पोरं जिम करून येतात पण स्केटिंगची बाजूला ढकलायची हालचाल जिममध्ये होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून ॲडक्टरचे (मांडीच्या आतल्या स्नायूंचे) व्यायाम, कोपनहेगन प्लँक वगैरे, सगळ्यांना सक्तीनं. गोलींचे खुब्याचे सांधे वेगळेच प्रकरण, ते सतत गुडघे आत टाकून खाली बसतात, त्यांची हालचाल कॅम्पमध्ये मोजून लिहून ठेव म्हणजे फेब्रुवारीत काय कमी झालंय ते दिसेल. नोव्हेंबरात घाईनं बदललेल्या स्केटमुळे घोट्यापुढे लेस चावते, जेल पॅड भरपूर मागवून ठेव. डिसेंबरात टेडी बेअर टॉसची मॅच, आपल्या टीमचा पहिला गोल झाला की लोक हजारो मऊ खेळणी बर्फावर फेकतात, ती सगळी दवाखान्यांतल्या, गरजू घरांतल्या मुलांना जातात. तेव्हा खेळ बराच वेळ थांबतो आणि पोरं गार पडतात, हे लक्षात ठेवून त्यांना बेंचवर हलत ठेव. खेळणी गोळा करताना खेळाडूंचे चेहरे बघशील तर थकवा विसरशील, मला तो दिवस वर्षातला सगळ्यात आवडता.

डिसेंबर संपता संपता आजारपण सुरू होतं. एकाला उलट्या झाल्या की बसमध्ये दोन दिवसात आठ जण. २०१४ च्या शेवटी एनएचएलमध्ये गालगुंड पसरलेले, सिडनी क्रॉस्बीसारख्या स्टार खेळाडूला सुद्धा झाले होते, आणि तिथे तर सगळ्या सोयी असतात. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, टॉवेल वेगळे, यावर मी कुणाचं ऐकत नाही. ओलं किट बॅगेत तसंच राहिलं तर त्वचेला स्टॅफचं (एका जिवाणूचं) इन्फेक्शन होतं, म्हणून रात्री दोन वाजता गावात पोचलं तरी इक्विपमेंट मॅनेजर सगळं किट बाहेर काढून वाळत घालतो. त्याच्याशी चांगलं जमवून घे. त्याला कुणाचं काय दुखतंय ते तुझ्याआधी कळतं, कारण धार वेगळी मागितली, बूट सैल करून मागितला, काठी कापून मागितली, तर त्यामागे काहीतरी दुखणं असतं.

जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात कठीण. सुट्ट्या संपल्या, प्लेऑफ लांब, बाहेर उणे तापमान, आणि याच काळात वरून बोलावणी जास्त येतात कारण वरही दुखापती साठलेल्या असतात. मागे राहिलेली पोरं मोजत असतात कोण गेलं, मी का नाही. इथे तुझ्याकडे पोरं उगाचच टेबलावर येऊन पडतील, मांडी दुखतेय म्हणतील, तपासलं तर मांडीत काही नसतं. दहा मिनिटं मांडी चोळून दे आणि ऐक. जास्त काही वाटलं, झोप नाही, जेवण नाही, दारू वाढलीय, तर खेळाडूंची युनियन आहे, पीएचपीए, १९६७ पासूनची, तिची मदत घ्यायला सांग, टीम डॉक्टरला सांग, आणि ते गुप्त ठेव. मार्चमध्ये ट्रेडची (टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत येते, त्या दिवशी फोन वाजला की खोलीतला आवाज बंद होतो. मुदत संपल्यावर मात्र टीम खरी टीम वाटायला लागते.

मार्चमध्ये एक गमतीची गोष्ट, कधी संधी मिळाली तर बघ, आपल्याच लीगमधले कॅलमझू विंग्जवाले सेंट पॅट्रिक्स डेला बर्फच हिरवा रंगवतात, १९८२ पासूनची परंपरा आहे. अशा छोट्या गावांमध्ये टीमचं काय स्थान आहे ते तिथे कळतं. ग्लेन्स फॉल्स हे जेमतेम पंधरा हजार वस्तीचं गाव, तिथे प्रो टीम आहे. दुकानदार, शाळेतल्या बाई, पोलीस, सगळ्यांना खेळाडूंची नावं पाठ असतात. थीम नाइटला खास जर्सी घालतात आणि मॅचनंतर अंगावरची जर्सी लिलावात जाते, पैसे लोकल संस्थेला. घामेजलेली जर्सी मिठी मारून घेणारी म्हातारी माणसं मी पाहिलीत.

प्लेऑफमध्ये चार डिव्हिजनच्या पहिल्या चार-चार टीम, प्रत्येक सिरीज जास्तीत जास्त सात मॅचची, केली कप (या लीगचं विजेतेपद) हवा तर चार फेऱ्या जिंकायच्या, जूनपर्यंत चालतं. फ्लोरिडा एव्हरब्लेड्सनं २०२२, २३, २४ असा तीनदा लागोपाठ कप घेतला, त्याआधी या लीगमध्ये तसं कुणाला जमलं नव्हतं. उलट टोलेडो वॉलाय बघ, भरलेलं स्टेडियम, उत्तम टीम, २०१९, २०२२ आणि २०२५ ला फायनलमध्ये पोचले आणि तिन्ही वेळा हरले, २०२५ ला क्युबेकच्या त्र्वा-रिव्हिएर लायन्सकडून. या काळात खेळाडू तुटलेल्या बोटानं खेळतील, पाय सुन्न करून मागतील, आणि बऱ्याच गोष्टींना तू हो म्हणशील कारण त्यानं कायमचं नुकसान होत नाही. डोकं आणि मान याला मात्र हो नाही. कन्कशनचा संशय असेल तर बेंचवर वाकून दोन प्रश्न विचारून भागत नाही, आत न्यायचं, शांत खोलीत पूर्ण तपासायचं, त्याला निदान दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर कोच काय म्हणेल तो म्हणो. हे तू ऑक्टोबरमध्येच कोचला स्वतः जाऊन सांग, चांगले कोच मान डोलावतात. मॅच चालू असताना पहिल्यांदा सांगितलंस तर भांडण होणार.

जखमी यादीचंही तसंच. कोचला रोस्टरमध्ये जागा हवी असते म्हणून कधी बरा असलेला माणूस यादीत टाकायचा आग्रह होईल, कधी बरा नसलेला काढायचा. मेडिकल कागदावर जे आहे तेच लिही. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर त्या पोराला आधार फक्त तुझ्या नोंदींचा असतो, आणि ट्रेड झाला तर पुढच्या एटीलाही त्याच नोंदी लागतात.

आता बाई म्हणून. दार वाजवायचं, मोठ्यानं आवाज द्यायचा, दोन सेकंद थांबायचं आणि आत जायचं. टॉवेलचा नियम पहिल्या दिवशी कॅप्टनला सांग, तो बाकीच्यांना सांगतो. तुला स्वतंत्र कपडे बदलायची जागा घरच्या रिंकमध्ये आणि रोडवर दोन्हीकडे हवी, ते करारातच लिहून घे, रोडवर कधी रेफ्रींची खोली मिळते, कधी स्टोअर रूम. हॉटेलमध्ये स्वतंत्र खोली, त्यात तडजोड नको. टोमणे येतात का, येतात, बहुतेक टीमच्या बाहेरच्यांकडून. खेळाडूंना फक्त एवढंच कळायला हवं असतं की हिला काम येतं का आणि ही माझं गुपित ठेवेल का. माझ्या पूर्ण काळात पोरं माझ्या बाजूनं उभी राहिलीत. कुणी मर्यादा ओलांडली तर मात्र पहिल्याच वेळी लेखी तक्रार, "जाऊ दे" करायचं नाही.

घरच्यांच्या शंकेबद्दल. सातशेहून जास्त खेळाडू ईसीएचएल खेळून एनएचएलपर्यंत गेलेत. गोली जोनाथन क्विक रेडिंगला खेळला आणि पुढे लॉस एंजेलिसकडून २०१२ आणि २०१४ ला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला. ब्रेडन होल्टबी साउथ कॅरोलायना स्टिंगरेजमध्ये, जॉर्डन बिनिंग्टन कॅलमझूत. गोली जास्त दिसतात कारण वर जागाच कमी, त्यांना खेळायला मिळावं म्हणून खाली पाठवतात. जेरेड बेडनारनं कोच म्हणून स्टिंगरेजबरोबर २००९ ला केली कप घेतला, २०१६ ला एएचएलचा कॅल्डर कप आणि २०२२ ला कोलोराडोबरोबर स्टॅन्ली कप. स्पेन्सर कारबरीही त्याच स्टिंगरेजचा कोच होता, आता वॉशिंग्टनला आहे आणि २०२५ ला एनएचएलचा सर्वोत्तम कोच ठरला. ही नावं मी घरच्यांना दाखवण्यासाठी देतेय. तुझ्यासाठी मुद्दा वेगळा आहे: इथे तू एकटी निर्णय घेतेस. मोठ्या संस्थेत पहिली दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या आणि कागद, इथे पहिल्या महिन्यात निखळलेला खांदा, कन्कशन, टाके, रिहॅब, प्रवास, औषधांचा साठा, सगळं तुझ्या नावावर. वरच्या लीगचे एटी माणसं शोधतात तेव्हा फोन आपल्या कोचलाच करतात, विचारतात की ही फेब्रुवारीत कशी होती. अर्थात ज्याला नियमित झोप आणि रविवार हवाय त्यानं क्लिनिक किंवा कॉलेजची नोकरी बघावी, त्यात काही कमीपणा नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. खेळाडूंना आठवड्याचा पगार, तोही सीझनपुरता, टीमकडून राहायला फर्निचरसकट घर. रूकीचा आठवड्याचा आकडा ऐकून तुला धक्का बसेल, उन्हाळ्यात ही पोरं हॉकी कॅम्प शिकवतात, बांधकामावर जातात, गवत कापतात. स्टाफचं टीमगणिक वेगळं असतं, म्हणून सही करायच्या आधी विचार: पगार सात महिन्यांचा की बारा, घर मिळतं का, हेल्थ इन्शुरन्स उन्हाळ्यात चालू राहतो का, प्लेऑफ जूनपर्यंत गेलं तर त्या आठवड्यांचे पैसे वेगळे का, लायसन्सची फी कोण भरतं, मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीसाठीचा) इन्शुरन्स कुणाचा, टीम डॉक्टर ऑर्थो आहे का आणि घरच्या प्रत्येक मॅचला हजर असतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, उत्तर "बहुधा असतो" असं आलं तर लेखी घे.

टीमची आर्थिक परिस्थितीही बघ. न्यूफाउंडलँड ग्राउलर्सनी २०१९ ला आपल्या पहिल्याच सीझनमध्ये कप जिंकला होता, आणि एप्रिल २०२४ मध्ये सीझन संपायला थोडे दिवस असताना लीगनं त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. खेळाडू-स्टाफ सगळे एका दिवसात रिकामे. त्यामुळे मालक किती वर्षांपासून आहे, रिंकचा करार किती वर्षांचा आहे, हे विचारायला लाजू नकोस, आणि जमलं तर आधीच्या एटीचा नंबर मागून घे, तो किंवा ती का सोडून गेली हे त्यांच्याच तोंडून ऐक.

व्हिसाचं, तू ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) असशील तर युनिव्हर्सिटीच्या डीएसओशी (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याशी) आत्ताच बोल, टीमच्या ऑफिसला यातलं फारसं कळत नाही. काम सुरू व्हायची तारीख, नोकरीचं वर्णन तुझ्या डिग्रीशी जुळतंय असं पत्र, आणि त्र्वा-रिव्हिएरसारखी कॅनडातली टीमही लीगमध्ये आहे त्यामुळे रोड ट्रिपला सीमा ओलांडावी लागेल का, हे तिन्ही विचार. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो आणि त्याला वेळ लागतो, ऑफर स्वीकारलीस तर त्याच आठवड्यात अर्ज टाक.